शुद्धलेखनामुळे कथा परत आली तर: सीमाभागातल्या नव्या लेखकांसाठी

कथा परत आली आणि वर ‘शुद्धलेखनाच्या चुका फार’ असा शेरा असला, की आपल्याकडची पोरं लिहिणंच सोडून देतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आता दिवाळी अंकांसाठी आलेलं साहित्य तपासते. या एका शेऱ्यानं गप्प झालेली, हातात खरी ताकद असलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. तो शेरा तुमच्या कथेवरचा नाही, आणि चुका दुरुस्त होतात.

दुरुस्त करून दुसऱ्याच दिवशी परत पाठवू नका. आधी संपादकांना दोन ओळी लिहा: ‘एखाद्या पानावर चुकांच्या खुणा करून मिळाल्या, तर बाकीचं मी तपासून घेईन.’ सगळी कथा तपासून मागितली तर कुणालाच वेळ नसतो, एका पानाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. तिथून काही आलं नाही, तर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथं आलेल्या एखाद्या जाणत्या लेखकापुढं ते पान धरा.

पान हाती आलं की खुणा मोजत बसू नका, त्यांची कारणं शोधा. हे वाक्य बघा:

‘पावसाळा सुरु झाला कि मलप्रभेच्या काठा वरचे शेतकरी खानापुर मध्ये येत, आणी त्यातल्या गरीबांना उधारीवर बियाणं मिळे.’

सात चुका आहेत, पण कारणं तीनच. ‘सुरु’, ‘कि’ आणि ‘आणी’ या शेवटच्या अक्षराच्या चुका: सुरू, की, आणि. ‘काठा वरचे’ आणि ‘खानापुर मध्ये’ इथं शब्दयोगी अव्यय तोडलं आहे. ते जोडूनच लिहायचं: काठावरचे, खानापूरमध्ये. राहिले ‘खानापुर’ आणि ‘गरीबांना’. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ असतो, तसाच ‘गरीब’मधला ‘री’. पण पुढं प्रत्यय लागला की दोन्ही ऱ्हस्व होतात: खानापुरात, गरिबांना. वकील-वकिलाला, बहीण-बहिणीला, फूल-फुलाला, सगळे याच वाटेनं जातात. शरीर, परीक्षा असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत.

वहीत तीन रकाने आखा: शेवटचं अक्षर, तोडलेले शब्द, मधलं अक्षर. प्रत्येक खूण आपापल्या रकान्यात टाका. कुठला रकाना भरतोय ते दिसलं, की तेवढाच नियम आठवडाभर घोटायचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम एकूण 18 आहेत, 1962 सालचे 14 आणि 1972 साली भर घातलेले 4. सगळे एकदम पाठ करायला गेलात तर एकही हाताला बसत नाही.

आपल्या भागात पहिला रकाना का भरतो, हे बाहेरच्या संपादकाला ठाऊक नसतं. कन्नडमध्ये कवि, गुरु, शक्ति, बुद्धि शेवटी ऱ्हस्वच असतात. शाळेत कन्नड, पाटीवर कन्नड. तेच वळण मराठी लिहिताना उतरतं. मराठीत कवी, गुरू, शक्ती, बुद्धी असा दीर्घ लिहायचा. समासात पहिलं पद झालं की पुन्हा ऱ्हस्व: कविमन, गुरुदक्षिणा, शक्तिप्रदर्शन. लिंगाचंही तसंच आहे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, आपल्याकडं भिंत ती, दरवाजा तो, घर ते. कन्नड माध्यमात शिकलेली मुलं इथं अडखळतात, यात त्यांचा काही दोष नाही. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बसून जुने दिवाळी अंक वाचा. लिंगं कानात बसतात ती वाचनानंच.

तपासणी दोनदा करायची. एकदा मोठ्यानं वाचा, त्यात लिंग-वचनाच्या आणि वाक्यरचनेच्या चुका कानाला खटकतात. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कान सांगत नाही. त्यासाठी शेवटच्या वाक्यापासून उलटं, वर वर वाचत या; गोष्टीत गुंतायला होत नाही आणि शब्द सुटा दिसतो. ‘गेलं’ आणि ‘गेले’ यांची निवेदनात सरमिसळ नको, एक धरा आणि शेवटपर्यंत न्या.

मोबाइलवर लिहीत असाल तर कीबोर्ड मराठीच निवडलाय ना, ते बघा. हिंदीचा असेल तर तो ‘शक्ति’, ‘गुरु’च सुचवत राहतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होणं हीसुद्धा टायपिंगचीच गफलत. आणि पाठवताना मजकुरासोबत पीडीएफ जोडा, कारण छापखान्यात फॉन्ट बदलताना जोडाक्षरं मोडतात आणि नाव लेखकाचं खराब होतं.

सोबतच्या पत्रात ‘आम्ही सीमाभागातले, सांभाळून घ्या’ असं कधीच लिहू नका. आपल्याला सवलत नको, आपलं लेखन वाचलं जायला हवं. ‘सुचवल्याप्रमाणे तपासून पुन्हा पाठवत आहे’, एवढं पुरे.

शुद्ध करायच्या भरात संवादांना हात लावू नका. आपल्याकडच्या बायका ‘मी येतो गं’ म्हणतात, तुमच्या कथेतली आजीही तसंच म्हणू दे. पात्राच्या तोंडी बोली चालते, नियम निवेदनाला. पहिल्या पानावर ‘संवाद मुद्दाम बेळगावी बोलीत ठेवले आहेत’ अशी ओळ टाका. तरीही कुणी आजीचं ‘येते’ केलंच, तर छपाईआधीचं प्रूफ मागून घ्या आणि तिचं ‘येतो’ तिला परत द्यायला सांगा.