उजनीच्या काठावरची निर्जन पुळण: सोलापुरातून एका दिवसात कयाक आणि पायपीट

उजनीच्या बॅकवॉटरला जायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी, कुठून आणायची. त्याआधी धरण किती टक्के आहे ते बघा. आकडा रोज पेपरात येतो. धरण शंभरीच्या पुढे असताना पाणी थेट वेड्या बाभळींत शिरलेलं असतं, पुळण नावाला उरत नाही. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, तरी पाणी असतंच, कारण 117 टीएमसीच्या या धरणात 63 टीएमसीहून जास्त मृत साठा आहे. पण तोवर पाणी इतकं मागे सरकलेलं असतं की काठ आणि तुमच्यामध्ये नुसता गाळ. डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. काठ उघडा पडू लागलेला असतो आणि ऊनही सोसवतं.

करमाळा तालुक्यात कुगाव, चिखलठाणच्या बाजूला जा. दिवस उजाडताना पाण्यात उतरायचं असेल तर सोलापूर अंधारातच सोडावं लागतं. दोन माणसं, दोन कयाक, लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे आवळलेले. एकट्याने जाऊ नका. गावात कुणाला तरी सांगून जा, गाडीही त्यांच्या नजरेसमोर लावा.

वल्हवणं सोपं आहे, अर्ध्या तासात हात बसतो. काठापासून हाकेच्या अंतरात राहा. थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, वळसा घाला. समोर इंदापूरचा काठ जवळ वाटतो, पळसदेवचं देऊळ बघायचा मोह होतो. मधलं पाणी ओलांडायचं नाही. मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. कयाक तर त्याहून हलकी. मी बेटावर कधीच जात नाही. जिथून वारा सुटल्यावर कयाक काठावर ठेवून पायी गावात येता येतं, तीच पुळण निवडायची.

आता काठाला लागणं. कयाकच्या माहितीत याबद्दल 'सुरक्षित ठिकाणी उतरा' एवढंच लिहिलेलं असतं आणि मला त्याचा संताप येतो. उजनीत माणूस अडकतो तो इथेच. सगळ्यात जास्त घाम मीही याच टप्प्यावर गाळला आहे.

गाळ कुठे बसतो ते आधी समजून घ्या. पाणी जिथे शांत, म्हणजे आत वळलेल्या खाचांत आणि ओढ्यांच्या तोंडाशी, तिथे तो साचतो. जमिनीचं जे टोक पाण्यात पुढे आलेलं असतं, त्यावर लाटा आपटत राहतात, माती धुऊन जाते आणि मुरूम, वाळू, शिंपले उरतात. म्हणून आडोशाची, सुंदर दिसणारी खाच सोडा आणि उघड्या टोकाकडे वळा. काठाला उतार हवा, दगड दिसायला हवेत. म्हशी पाण्यावर येतात किंवा मासेमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात ती जागा डोळे झाकून घ्या. सपाट, चकचकीत, राखाडी काठ म्हणजे गाळ. भेगाळलेल्या काठावरही भरवसा नको, वरची पापडी वाळलेली असते आणि खाली लोणी.

मग बसल्या जागेवरून वल्हं उभं धरून तळाला दाबा. खर्र आवाज आला तर उतरा. वल्हं गुपचूप आत गेलं तर पुढे चला, पुळण कितीही छान असो. उतरताना उभं राहू नका. कयाक काठाला आडवी लावा, दोन्ही पाय एका बाजूला सोडा, बूड कयाकवर ठेवूनच पायांनी जमीन चाचपा, मग हळूहळू भार टाका. पायात नाडीचे जुने कॅनव्हास बूट हवेत. चप्पल गाळात राहते, आणि अनवाणी पायाला बाभळीचा काटा नाहीतर शिंपला लागतोच.

तरीही पाय रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊन तो उपसू नका, दोन्ही जातील. कयाकवर पोटावर आडवे पडा, अंगाचा भार तिच्यावर द्या, टाच गोल फिरवून पाणी आत शिरू द्या आणि गुडघ्यातून सावकाश ओढा. जोडीदाराने खाली उतरायचं नाही. त्याने आपल्या कयाकमधूनच दोर टाकायचा.

कयाक बाभळीच्या खोडाला बांधा आणि काठाकाठाने चालायला लागा. इथे एक धोका जिवावरचा आहे: पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी. पाणी मागे हटलं की शेतकरी मोटारी पुढे सरकवतात. केबल काठावरून थेट पाण्यात गेलेली असते, सांधे कसेतरी चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात. केबलवर पाय देऊ नका, मोटारीजवळ पाण्यात उतरू नका. धरणात गेलेल्या शेतांतल्या जुन्या विहिरीही उथळ पाण्यात दडलेल्या असतात, त्यामुळे कंबरभर पाण्यात हुंदडणं नको. रोहित पक्ष्यांचा थवा दिसला तर लांबूनच बघा. माना वर करून ते चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ गेलात.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर घरून न्या. पुण्याचं सांडपाणी नद्यांतून इथवर येतं, हे पाणी उकळूनसुद्धा पिऊ नका.

दुपारी वारा असतो, तेव्हा पुळणीवर पडून राहा. चारच्या सुमारास लाटांवरचा पांढरा फेस गेला की निघा, कारण अंधाराआधी गाडीशी पोचायचं आहे. पाच वाजले आणि फेस तसाच असेल तर कयाक उंचावर ओढून बांधा आणि गावाकडे चालू लागा. ती सकाळी येऊन नेता येते.