लेहच्या थंडीत डिझेल जीपला कूलंट हीटर
जानेवारीत लेहला पहाटे पारा उणे 18 वर. माझी डिझेल जीप सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवायची. शेवटी 5 किलोवॅटचा, डिझेलवरच चालणारा कूलंट हीटर घेतला; इंजिनात फिरणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तो गाडी सुरू करण्याआधीच तापवतो. इंजिनाकडून केबिनच्या हीटरकडे जाणारा होज कापून तो मधे जोडला. डिझेलसाठी टाकीतून वेगळी बारीक नळी.

पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत बंद पडला! हीटरजवळचा होज चटका बसेल इतका तापलेला, पुढचा बर्फासारखा गार. हवा अडकली होती. गाडी गार झाल्यावर तोंड चढाला लावलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हीटरचा नुसता पंप फिरवत कूलंट भरत राहिलो.

आता अर्ध्या तासात इंजिन कोमट, पहिल्या सेल्फला सुरू. हीटरच्या धुराची नळी मात्र केबिनपासून लांब काढा, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.