झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आतड्याच्या पेशींवर तपासायचेत? कंट्रोल आधी ठरवा

बेळगावात नाहीतर निपाणी-चिकोडीकडं कुठं एमएस्सीचा प्रोजेक्ट करत असाल आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आतड्याच्या पेशींना किती बाधतात हे बघायचं असेल, तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, पेशी मेल्या एवढं दाखवणं सोपं आहे, त्या कशानं मेल्या हे सांगणं खरं काम, आणि त्यासाठीच कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेले नमुने लागतात.

पेशी कॅको-२ घ्या. मूळच्या माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या, पण प्लेट भरून साधारण २१ दिवस राहिल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागायला लागतात, आपापसातले सांधे घट्ट होतात. दुसऱ्याच दिवशी कण टाकून मोकळं होऊ नका.

पावडर वजन करताना पंखा बंद, तोंडाला मास्क, शक्यतो फ्यूम हूडमध्येच, ही धूळ थेट फुप्फुसात जाते. इकडं जुलै-ऑगस्टात हवा एवढी दमट असते की डबी डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायला पाहिजे. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचा स्टॉक करा, बर्फात ठेवून सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडनं कण सुटे करा) आणि लगेच वापरा, ठेवून दिला की कण परत एकमेकांना चिकटतात. मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) घातल्यावर डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची साइज काढणाऱ्या यंत्रावर) साइज पुन्हा मोजा, लेबलवरच्या साइजवर जाऊ नका.

डोस लिहिताना मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम एवढंच लिहून सोडू नका. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घातलं आणि सगळे कण खाली बसले तर ०.३२ चौरस सेंटीमीटरवर १ मायक्रोग्रॅम पडतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ३ मायक्रोग्रॅम, हा आकडाही द्या.

आता कंट्रोल, इथं कंजूषपणा करूच नका. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, पोटातल्या पीएच २ ला तर भराभर, आणि सुटलेले झिंकचे आयन स्वतःच पेशी मारतात. म्हणून तेवढ्याच झिंकचं झिंक क्लोराइड एका ओळीत घाला, त्यानंही तेवढ्याच पेशी मेल्या तर दोष कणांपेक्षा आयनांचा जास्त आहे हे कळतं. दुसरी ओळ पेशी नसलेल्या वेलची, नुसता मीडिया, कण आणि एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग). ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेताना कणांचा गढूळपणा आकडा वाढवतो आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात! डीएमएसओ या द्रावकात जांभळा रंग विरघळला की प्लेट सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घ्या, मगच वाचा. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजायची टेस्ट) करणार असाल तर ते एन्झाइम कणांना चिकटून बसतं आणि आकडा कमी येतो, तेही तपासा.

पेशी जिवंत असल्या तरी सांधे सुटलेले असू शकतात, म्हणून ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्यावर पेशी वाढवायच्या कपात) टीईईआर, म्हणजे पेशींच्या थरातून विजेला होणारा रोध, मोजाच, माझ्या मते एमटीटीपेक्षा आतड्यासाठी हेच जास्त बोलकं.

टायटॅनियम डायऑक्साइड घेतलंत तर ते जवळपास विरघळत नाही, पेशी पटकन मरत नाहीत, म्हणून एमटीटी बघून निर्धास्त होऊ नका. २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं डीएनएला इजा होण्याची शंका दूर होत नाही म्हणून ते खाण्यातला रंग म्हणून सुरक्षित मानता येणार नाही असं सांगितलं, त्यामुळं तिथं डीएनए तुटलंय का हे दाखवणारी कॉमेट टेस्ट ठेवाच.