काळी एकचा तबला पांढरी तीनला चढवू नका, आणि तबला-बासरीवाल्यांनी टाळायच्या बाकीच्या चुका

मी बडोद्यात विद्यापीठाच्या मुलांना तबला शिकवतो, वीस वर्षं होऊन गेली, आणि शेजारच्या खोलीत बासरीचा वर्ग चालतो त्यामुळे दिवसभर कानावर दोन्ही पडत असतं. दर जूनला नवीन बॅच येते आणि दर जूनला चुका त्याच. मुलं मेहनती असतात, त्याबद्दल तक्रारच नाही, पण कुणी आधी सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलं असलं तरी मोबाईलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओपुढे ते टिकत नाही. म्हणून एकदा बसून लिहून काढतोय. काळी एक, पांढरी तीन म्हणजे पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखले जाणारे सूर, आणि पांढरी तीन काळी एकच्या वरचा.

सगळ्यात आधी ती चूक, जिच्यामुळे माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीची फायनल परीक्षा बिघडली.

बासरीच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती. मुलीकडे पांढरी तीनची मोठी बासरी, साथीला दुसऱ्या वर्षाचा मुलगा, हात चांगला तयार. त्याच्याकडे तबला एकच, साडेपाच इंच तोंडाचा, म्हणजे काळी एकला छान बोलणारा. आदल्या संध्याकाळी त्याला कळलं की सूर पांढरी तीन आहे. आता काळी एक ते पांढरी तीन म्हणजे दीड स्वराचं अंतर. कुणाला विचारायचं सोडून त्याने रात्री घरी बसून गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत ठोकत खाली नेले, वादी (त्यांच्यावरून जाणारी कातडी पट्टी) तारेसारखी ताणली, आणि सकाळी मला म्हणाला, सर, लागला. मी ‘ना’ हा बोल वाजवून बघितला, सूर होता, पण आवाजात गोलाई अजिबात नाही, पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नाही, वेळ नव्हता.

हॉलमध्ये एसी चालू. कोरड्या हवेत कातडं आणखी आकसतं, म्हणजे आधीच ताणलेली पुडी, तबल्याच्या तोंडावरचं कातडं, अजून ताणली गेली. विलंबित गत कशीबशी निघाली. द्रुतमध्ये दुसऱ्या तिहाईच्या (तीनदा घ्यायच्या तुकड्याच्या) ‘धा’वर आवाज आला, कापड टर्रकन फाडल्यावर येतो तसा, आणि चाट (पुडीची कडेची पट्टी) गजऱ्यापासून (भोवतीच्या कातडी वेणीपासून) दोन बोटं उसवली. मुलगी वाजवत राहिली, पोरगा नुसत्या डग्ग्यावर ‘घे’ देत राहिला, चेहरा पांढराफटक. मी धावत जाऊन माझा पाच इंची आणला तो लावेपर्यंत चारेक मिनिटं गेली. परीक्षक समजूतदार होते, त्यांनी पेन खाली ठेवून वाट बघितली, पण मुलगी वाजवत होती तो राग एकदा मोडला तो मोडलाच, पुन्हा बसला नाही.

पुडी बांधणाऱ्या चाचांकडे तो तबला नेला तेव्हा त्यांनी बोट फिरवून दाखवलं की शाईलाही, मधल्या काळ्या गोलालाही, बारीक भेगा गेल्यात. म्हणजे नवीन पुडी, नवीन वादी, सगळा खर्च त्या पोराच्या घरच्यांवर.

तेव्हा एवढं पाठ करा. तोंड जितकं लहान तितका सूर वर. साधारण साडेपाच इंच काळी एकसाठी, सव्वापाच पांढरी दोन-काळी दोनसाठी, पाच इंच पांढरी तीन-चारसाठी. पुडी हलकी-जाड असेल तसा थोडा फरक पडतो, पण एक तबला अर्धा स्वर वर, अर्धा स्वर खाली, त्याच्या पलीकडे ओढू नका. दुसरा तबला घेण्याइतके पैसे नसतील तर मागून आणा, डिपार्टमेंटमध्ये सीनियर असतात, कुणी नाही म्हणत नाही. मी स्वतः साथीला होकार द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, सूर कुठला. राग, ताल, किती वेळ, ते सगळं नंतर.

याच गोष्टीची दुसरी बाजू बासरीवाल्यांची आहे आणि तिथेही तितकीच घाई दिसते. बासरी बॅगेतून काढली, तानपुऱ्याचं ॲप लावलं, तबलजीने ॲपशी तबला जुळवला, सुरू. दहा मिनिटांनी बासरी चढलेली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. हवा गरम झाली की नळीतला सूर चढतो, दहा अंशांच्या फरकाला जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर, आणि एवढा फरक कुठल्याही कानाला बोचतो. सतार पिरगळता येते, तबला ठोकता येतो, बांबूला मात्र खुंटी नसते, ओठाचा कोन बदलून थोडंफार सांभाळता येतं तेवढंच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाच-सात मिनिटं बासरी फुंकून गरम करायची, मग वरची तीन छिद्रं बंद करून स्थिर ‘सा’ द्यायचा, त्या ‘सा’ला ॲप बारीक सरकवून जुळवायचं, आणि तबला सगळ्यात शेवटी. शेजारचे सर तर एसी हॉलमध्ये कार्यक्रम असला की बासरी शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसतात, आणि त्यांचा ‘सा’ मी कधी हललेला ऐकला नाही.

तबला लावतानाच्या छोट्या चुका झटपट सांगतो. गठ्ठ्यांनी मोठा फरक करायचा, गजऱ्यावर बारीक, उलटं करू नका. हातोडी गजऱ्याच्या वेणीवरच पडली पाहिजे, चाटेवर सटकली तर भोक. वरून मारलं की चढतो, खालून मारलं की उतरतो, हे कॉलेजला येईपर्यंत माहीत नसणारी मुलं आहेत. गजऱ्यावरच्या सोळा घरांतलं (वादीच्या फेऱ्यांमधल्या जागांतलं) एक घर सुरात आणलं की लगेच शेजारच्या घराकडे वळू नका, समोरासमोरचं घर घ्या, मग मधली, नाहीतर एका बाजूला ओढ बसते आणि प्रत्येक घर वेगळं बोलतं. आणि लावताना जोरात बडवू नका, हलक्या हाताने वाजवलं तरच खरा सूर ऐकू येतो.

आता नवरात्र. बडोद्यात राहून याबद्दल न बोलणं शक्यच नाही.

नऊ रात्री गरब्याच्या स्टेजवर ढोल, ऑक्टोपॅड, ढोलकी वाजवून आमच्या मुलांना जे पैसे मिळतात त्यात काहींची वर्षाची फी निघते. त्याला माझा विरोध नाही, उलट हजारो लोक रिंगणात फिरत असताना हींचचा, म्हणजे गरब्याच्या तालाचा, ठेका तास तास न हलता धरणं हे लयीचं फार मोठं शिक्षण आहे आणि वर्गात ते मी देऊ शकत नाही. चूक पुढची आहे. दसरा झाला की दोन दिवस झोप काढायची आणि तिसऱ्या दिवशी येऊन थेट कायदा, म्हणजे बोलांची विस्तार करत जाणारी रचना, सुरू करायचा. नऊ रात्री काठीने मारून मनगट लाकडासारखं झालेलं असतं, बोटं सुजलेली, आणि त्याच हाताने ‘ना’ मारला की तो आदळतो, उठत नाही. तबल्याचा आवाज बोट पडल्यावर ते किती चटकन उचलता त्यात आहे. माझा एक फार गुणी विद्यार्थी, नवरात्रानंतर त्याच्या तर्जनीच्या नखाखाली रक्त साकळलं होतं, तरी युवक महोत्सव जवळ आला म्हणून दुखरं बोट वाचवत रोज तीन तास बसायचा. वाचवता वाचवता बोट वाकडं पडायची सवय लागली, आणि ती सवय घालवायला आम्हाला पुढचा अख्खा उन्हाळा लागला. एप्रिल-मे, दुपारचे बेचाळीस अंश, आणि तो एकच अक्षर वाजवतोय. नऊ रात्रींच्या कमाईपेक्षा ते दोन महिने त्याला जास्त महाग पडले असं मला अजून वाटतं.

मी काय करायला लावतो ते सांगतो, पुस्तकात नाही मिळणार, माझ्या अनुभवाचं आहे. नऊ दिवस रोज सकाळी वीस मिनिटं, फक्त तीनतालचा ठेका, अगदी हळू, म्हणजे हाताला तबल्याचा स्पर्श विसरू द्यायचा नाही. दसऱ्यानंतर चार दिवस ‘ना’ बंद, फक्त ‘तिट’ आणि ‘तिरकिट’, ‘तूं’चा खुला आवाज, तोही इतका हलका की शेजारच्या खोलीत जाऊ नये. बोट दुखत असेल तर वाजवायचं नाही, पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे. पढंत म्हणजे आराम नव्हे, हाताने ताल धरून बोल स्पष्ट म्हणून बघा, जे तोंडातून नीट निघत नाही ते हातातून कधीच निघत नाही.

अनामिका. ‘ना’ वाजवताना ती शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, दाबलेली नाही, उचललेली नाही. दहातली सात मुलं दाबतात. आरशासमोर बसा, महिनाभरात फरक दिसेल.

वेगाचं वेड. लेहऱ्याचं (ताल दाखवणाऱ्या फिरत्या धुनेचं) ॲप दोनशेच्या वेगावर लावून ‘धिरधिर’चा रेला, म्हणजे सलग वेगवान बोल, वाजवायचा, रेकॉर्ड करायचा, टाकायचा. ऐकताना मला डावा हात कुठेच सापडत नाही, डग्गा नुसता ढब ढब. बडोद्यात हे बघून जास्त वाईट वाटतं, कारण तबलावादक पं. सुधीरकुमार सक्सेना यांनी इथे वर्षानुवर्षं शिकवलं आणि त्यांचा अजराडा बाज (अजराडा घराण्याची वादनशैली) म्हणजे डग्ग्याची घसीट, मींड, तिस्र जातीतले (तीन-तीनच्या गटांचे) आड कायदे, सगळा डाव्या हाताचा आणि ठाय, म्हणजे संथ, लयीचा मामला. १८८६ साली सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांना घेऊन गायनशाळा काढली, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ ला याच गावात भरली. अशा गावातल्या मुलाला ठाय लयीत सोळा मात्रा सरळ धरता येऊ नयेत हे मला सहन होत नाही. माझा नियम आहे, पहिल्या सत्रात कायदा दुप्पट लयीतही नाही. मुलं कंटाळतात, काही सोडून जातात, मी नियम बदललेला नाही.

बासरीचं वेगाऐवजी लांबीचं वेड असतं. बासरीवादक पन्नालाल घोषांनी बत्तीस इंचांच्या आसपासची मोठी बासरी मैफिलीत आणली, म्हणून पहिल्याच महिन्यात तीस इंची हवी. खालच्या हाताची बोटं पोचत नाहीत, छिद्र अर्धवट उघडं राहतं, हवा गळते, मग मुलं सूर लागत नाही म्हणून जास्त जोरात फुंकतात आणि सूर वर उडतो. चूक बोटात, शोधतायत फुंकेत. सहाही छिद्रं बंद करून मंद्र ‘प’ बारीक, स्वच्छ, वीस सेकंद टिकत नसेल तर ती बासरी अजून तुमची नाही. पांढरी पाचची चोवीस-पंचवीस इंची घ्या, सहा महिने, बोटाची टोकं न वापरता पेराचा मऊ भाग टेकवा, मोठीवर जाल तेव्हा खालच्या हाताला मधलं पेर आपोआप वापरावं लागेल. शुद्ध ‘म’ला वरचं छिद्र अर्धं उघडतात ना, तो अर्धा म्हणजे नक्की किती, हे मोजून नाही येत, तानपुऱ्यावर रोज ‘ग-म-ग’ करूनच येतं. आणि जत्रेतली रंगीत बासरी शिकायला आणू नका, तिची छिद्रं सुराच्या हिशोबाने पाडलेली नसतात.

राहिली वाद्यांची काळजी. बासरी कारमध्ये ठेवून जाऊ नका, इथल्या मे महिन्यात ती तासाभरात चिरते. वाजवून झाल्यावर आतून फडकं फिरवा, आणि थंडीत महिन्यातून एकदा बदामाचं किंवा मोहरीचं तेल, थेंबभर, चोळून जिरवायचं, ओतायचं नाही. हाताला पावडर लावत असाल तर ती शाईवर घासू नका. पावसाळ्यात तबला उतरतो आणि ढप ढप वाजतो म्हणून हेअर ड्रायर लावणारे आहेत, गॅसजवळ धरणारे आहेत, मागच्या जुलैत एकाने इस्त्री वापरली, शाई खपल्या होऊन निघाली. गवसणी घाला, जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, रात्री खोलीत साठ वॉटचा साधा पिवळा बल्ब दोन हात लांब लावून सोडा, सकाळी लावायला घ्या. उशीर लागतो. पावसाळ्यात मी वर्गाला अर्धा तास आधी येतो तो यासाठीच, आणि ज्यांना तबला लावणं शिकायचंय त्यांनी तेव्हाच यावं.