अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा रनिंग गेम मोजायला बसताय? आधी सॅक बाजूला काढा

रविवारी रात्री साडेनऊला मी अहवाल पाठवला आणि सोमवारी सकाळी पावणेसातला ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझंच पान होतं. त्यातल्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल केला होता: 3.0, दर रनमागे यार्ड. ‘‘यात सॅक किती आहेत?’’ एवढंच त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. (सॅक म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडणं.)

या गोष्टीला चार मोसम झाले, पण ते पान अजून माझ्याकडे आहे. सांगलीहून अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्सला आलो आणि दुसऱ्याच सत्रात विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या व्हिडिओ रूममध्ये तासावर काम मिळालं. आता दर वर्षी पुण्याहून, नागपूरहून येणारी दोन-तीन मुलं मला विचारतात की या कामात शिरायचं कसं. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. चार डाउन, दहा यार्ड, कोण कुठे उभा राहतो, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. नसेल येत तर दोन शनिवार सामने बघा, येऊन जाईल.

आता माझी चूक सांगतो, आणि जरा लांबण लावून सांगतो, कारण गेल्या चार वर्षांत याच खड्ड्यात पडताना मी आणखी पाच जणांना पाहिलंय.

मी सगळं शिकलो होतो एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या डेटावर. तिथे क्वार्टरबॅक सॅक झाला की गेलेले यार्ड टीमच्या पासिंगमधून वजा होतात. कॉलेजमध्ये तसं नाही. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) हिशेबात सॅक म्हणजे क्वार्टरबॅकचा एक रन, आणि गेलेले यार्ड रशिंगमधून, म्हणजे रनच्या खात्यातून वजा. म्हणजे पास टाकायचा म्हणून मागे गेलेला माणूस आठ यार्ड मागे आडवा झाला, तर बॉक्स स्कोअरमध्ये ‘एक कॅरी, उणे आठ यार्ड’ असं लागतं. बायच्या धावा गोलंदाजाच्या नावावर मांडून मग त्याची सरासरी काढावी, तसा हा प्रकार आहे. एवढ्यावर भागत नाही. सामना जिंकत आलेली टीम शेवटी गुडघा टेकून वेळ काढते, तेही रन धरले जातात, प्रत्येकी उणे एक किंवा दोन यार्ड. सेंटरने डोक्यावरून फेकलेला स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला चेंडू) मागे वीस यार्ड गडगडला, तर तेही टीमच्या रशिंगच्या खात्यात.

मी काय केलं होतं? पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्स तपासायचा होता. चार सामन्यांत त्यांच्याविरुद्ध 138 रन, 414 यार्ड (कोणाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, गणित तेच). सरासरी 3.0. मी ठळक अक्षरांत लिहिलं की हा डिफेन्स रनला भिंत आहे, पहिल्या डाउनला रन कमी ठेवावेत.

त्या सोमवारी कोचनी मला बसवलं आणि प्ले-बाय-प्ले (एकेका प्लेची नोंद) उघडायला लावलं. 16 सॅक, त्यात गेलेले 112 यार्ड. पाच वेळा गुडघा टेकलेला, उणे 8. एक फसलेला स्नॅप, उणे 18. हे सगळं बाजूला काढल्यावर उरले 116 रन आणि 552 यार्ड. सरासरी पावणेपाचच्या वर. जिला मी भिंत म्हणालो होतो ती निव्वळ पास रशची, म्हणजे पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर चाल करून जाण्याची ताकद होती. रनला तर तो डिफेन्स मऊ होता. माझा सल्ला नुसता कच्चा नव्हता, पूर्ण उलटा होता.

पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि दुसऱ्या बाजूला पडतात. सॅक काढलेत ना, मग स्क्रॅम्बलही काढा. पास बोलावला होता, कोणी मोकळा नव्हता म्हणून क्वार्टरबॅक पळाला, त्याचे यार्ड रशिंगमध्ये लागले. माझ्या त्या चार सामन्यांत असे नऊ रन होते, 97 यार्ड. तेही काढल्यावर राहिले 107 रन, 455 यार्ड, सरासरी 4.25. खरा आकडा हा. 3.0 खोटा, आणि 4.76 सुद्धा फसवा. कोणता प्ले बोलावला होता हे तपासायचं असेल, तर सॅक आणि स्क्रॅम्बल दोन्ही पासच्या खात्यात टाका. यात तडजोड करू नका. हे न करता कोणाला रन-पासचं प्रमाण सांगत असाल, तर ते सांगूच नका.

घाबरून मात्र जाऊ नका. एका टीमचा चार सामन्यांचा हिशेब असा साफ करायला एक संध्याकाळ पुरते. सॅक आणि गुडघा टेकणं प्ले-बाय-प्लेमध्ये लिहिलेलं असतं. स्क्रॅम्बल लिहिलेलं असेलच असं नाही, तिथे फिल्म बघावी लागते, कारण क्वार्टरबॅकचा बोलावलेला रन आणि पळून वाचवलेला पास कागदावर सारखेच दिसतात. लाइनमनकडे बघा. ते मागे सरकत असतील तर पास होता. पुढे घुसत असतील तर रन.

कोणताही आकडा हाती आला की त्यात काय धरलंय आणि काय नाही हे विचारायची सवय मला त्यानंतर लागली. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचे 1988 च्या मोसमातले 2,628 यार्ड आजही एका मोसमाचा विक्रम आहे. ते 11 सामन्यांतले, कारण 2002 च्या आधी बोल सामन्यांचे (मोसम संपल्यावरच्या खास सामन्यांचे) यार्ड धरत नसत. त्याने हॉलिडे बोलमध्ये काढलेले 222 त्यात नाहीतच. 2024 मध्ये बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी 2,601 पर्यंत गेला, पण 14 सामन्यांत. एकाच यादीत खाली-वर लागलेले हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. तसंच 2023 पासून पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. म्हणून आधीच्या मोसमांशी तुलना करताना दर सामन्याचा आकडा घेऊ नका, दर प्लेचा घ्या.

आता सरासरी. एका बॅकचे पाच रन 4, 4, 5, 3, 4. दुसऱ्याचे 0, -1, 1, 0, 20. दोघांची सरासरी चार. पहिल्यावर तुम्ही ड्राइव्ह चालवू शकता. दुसऱ्याच्या जिवावर चारदा तिसऱ्या डाउनला नऊ-दहा यार्ड मागत बसाल. यावर कॉलेज फुटबॉलमध्ये रुळलेलं माप म्हणजे सक्सेस रेट: पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. मिळाले तर प्ले यशस्वी. साधं आहे, हाताने करता येतं, आणि माझ्या मते पहिलं वर्षभर याहून जड काही वापरूच नये.

उलट्या टोकालाही जाऊ नका. मोठा रन म्हणजे नशीब, असं म्हणून तो काढून टाकणारेही भेटतात. 15 नोव्हेंबर 2014 ला विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने नेब्रास्काविरुद्ध 25 कॅरीत 408 यार्ड काढले, तेही चौथ्या क्वार्टरला मैदानात न उतरता. एका सामन्याचा हा विक्रम आठवडाभर टिकला. पुढच्या शनिवारी ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने कॅन्ससविरुद्ध 427 केले, 34 कॅरीत. असे दिवस नुसत्या नशिबाने येत नाहीत. लाइन, बॅक आणि समोरच्याची रचना, तिन्ही जुळलेलं असतं, आणि काय जुळलं ते शोधणं हेच आपलं काम. ट्रिपल ऑप्शन (चेंडू तिघांपैकी कोणी न्यायचा हे डिफेन्स बघून ठरवायचं, अशी रनची पद्धत) खेळणाऱ्या टीमचं मापच वेगळं. सप्टेंबर 2018 मध्ये अशाच आर्मीने (लष्करी अकादमीच्या टीमने) ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर, नॉर्मनला जाऊन ओव्हरटाइमपर्यंत नेलं, 28-21 ने हरले. त्या दिवशी चेंडू सुमारे 45 मिनिटं आर्मीकडे होता. समोर ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे बाकावर बसून होता. तिथे साडेतीन यार्डांचा रन अपयश नाही, कारण ते चौथ्या डाउनलाही खेळणार आहेत.

प्ले कॉलिंगकडे वळतो. इथे माझी मतं जरा कडक आहेत.

‘पहिल्या डाउनला पुन्हा मधूनच रन’ अशी तक्रार स्टँडमधला प्रत्येक जण करतो. तुम्ही करू नका, निदान बॉक्स (लाइनच्या जवळ उभे असलेले डिफेंडर) मोजल्याशिवाय नको. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड, सहा ब्लॉकर. समोर बॉक्समध्ये सहा असतील तर रन बरोबरच आहे, मग तो एक यार्ड गेला तरी. सात असतील आणि त्यातल्या एकाला ब्लॉक न करता मोकळा सोडून क्वार्टरबॅक त्याची हालचाल वाचत असेल, तर गणित पुन्हा जुळतं. आठ असतील आणि वाचायची सोय नसेल, तेव्हा शंका घ्या. आधी मोजा, मग निकाल बघा. मी तर निकालाच्या रकान्यावर कागद ठेवून बॉक्स मोजतो, नाहीतर मन आपोआप निकालाच्या बाजूने मोजतं.

दुसरं, आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. एकाच प्लेमध्ये रन आणि पास दोन्ही असतात. बाजूचा लाइनबॅकर रनकडे धावला तर क्वार्टरबॅक त्याच्या मागे चेंडू टाकतो, नाही धावला तर बॅकला देतो. एनएफएलमध्ये पासच्या वेळी लाइनमनला एकच यार्ड पुढे जायची मुभा आहे, कॉलेजमध्ये तीन यार्ड, म्हणून इथे हे जास्त चालतं. मग ‘कोऑर्डिनेटरने 40 पास बोलावले’ या वाक्याला काय अर्थ राहिला? त्यातले बारा त्याने बोलावलेच नसतील, समोरच्या लाइनबॅकरने निवडून दिले असतील. चेंडू हवेत आहे पण लाइनमन रनसारखे पुढे घुसलेत, असं दिसलं की रकान्यात आरपीओ लिहा. हा रकाना नसलेला चार्ट प्ले कॉलिंगबद्दल काही सांगू शकत नाही.

हॅश (मैदानावरच्या तुटक खुणांच्या दोन ओळी, ज्यांच्या आत किंवा ज्यांवर चेंडू ठेवून प्ले सुरू होतो) विसरू नका. कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे इथे मैदानाची एक बाजू खरोखर मोठी होते, आणि तोच आउटसाइड झोन (कडेने जाणारा रन) मोठ्या बाजूला वेगळा आणि छोट्या बाजूला वेगळा वागतो. आणि डाउन वेगळे काढा. दुसऱ्या डाउनला आठ किंवा जास्त, तिसऱ्या-चौथ्याला पाच किंवा जास्त, हे पासिंग डाउन. सगळ्यांना माहीत असतं पास येणार. तिथलं प्रमाण बाकीच्यात मिसळलं तर जो कोऑर्डिनेटर कायम मागे पडलेला असतो तो उगाच पासवेडा दिसतो.

एक प्ले जवळून दाखवतो. दुसरा डाउन, सहा यार्ड, उणे 34 (म्हणजे स्वतःच्या बाजूची 34 ची रेघ), डावा हॅश, एक बॅक आणि एक टाइट एंड, बॉक्समध्ये सहा. प्ले: काउंटर, म्हणजे डावीकडचे दोन लाइनमन, गार्ड आणि टॅकल, दोघेही ओढून उजवीकडे. मिळाला एक यार्ड. मी तो एंड झोनच्या कॅमेऱ्यातून अकरा वेळा पाहिला. गार्डने डिफेन्सच्या कडेच्या माणसाला, एंडला, बरोबर बाहेर ढकललं. मागून येणाऱ्या टॅकलसाठी दार उघडं होतं. पण स्नॅपला त्याचं पहिलं पाऊल मागे जायच्या ऐवजी जागेवरच पडलं, आणि लाइनबॅकर त्याच्या आधी दारात पोचला. म्हणजे प्ले बरोबर, बॅक बरोबर, एका माणसाचं एक पाऊल चुकलं. टीव्हीच्या चित्रणात हे दिसणारच नाही. तिथे कॅमेरा चेंडूमागे जातो.

म्हणूनच खेळाडूंना गुण देणाऱ्या सेवांचे आकडे विकत घेऊन त्यावर अहवाल उभा करणं मला पटत नाही. गुण देणाऱ्याला त्या टॅकलचं काम काय ठरलं होतं हे माहीत नसतं. तयार कोड, तयार आलेख यांचंही तेच. आधी तीन सामने हाताने चार्ट करा, मग खुशाल वापरा. उलट क्रमाने गेलेला एकही माणूस माझ्या पाहण्यात टिकला नाही.

मार्गदर्शकाबद्दल. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. हेड कोचला तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि प्राध्यापकाला तो टॅकल का अडखळला ते सांगता येत नाही. ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करणारा) शोधा. तो रात्री अकराला फिल्म कापत बसलेला असतो, तुमच्यासारखाच थकलेला असतो, आणि विचारलं तर शिकवतो. मला काउंटर आणि पॉवर या दोन रनमधला फरक अशाच एकाने स्टायरोफोमचे कप टेबलावर मांडून शिकवला. आणि कोचला ‘तुम्ही हे बोलवायला हवं होतं’ असं कधीही म्हणू नका. क्लिप लावा, बॉक्स मोजून दाखवा, गप्प बसा.

एक व्यवहाराची गोष्ट. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला 20 तासांपुरतंच. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ रूम 40 तासही मागेल. पहिल्याच दिवशी ही मर्यादा स्पष्ट सांगा. सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता, पण ऐकणाऱ्यांना ती आधीपासून माहीत असते.

त्या सोमवारी दुपारी दोनला मी नवं पान घेऊन गेलो. कोचनी 4.25 वाचलं, मान हलवली आणि विचारलं, ‘‘मोठ्या बाजूला किती, छोट्या बाजूला किती?’’ मी परत खाली गेलो आणि 107 रन पुन्हा पहिल्यापासून लावले, या वेळी हॅशचा रकाना उघडून.

तुम्ही येत्या शनिवारचा एक सामना घ्या. एकच टीम, फक्त रन. डाउन, यार्ड, हॅश, बॉक्स, प्ले, मिळालेले यार्ड, आणि शेवटी एक रकाना: सॅक, गुडघा, स्क्रॅम्बल की खरा रन. पहिल्या वेळी मला एका सामन्याला नऊ तास लागले होते. आता अडीच लागतात.