जुनी लक्झरी सेडान घेताय? बेळगावात बसून गाडी कशी तपासावी आणि खर्च कसा काढावा

खानापूरच्या मावसभावाचा फोन आला तेव्हा तो मनानं गाडीत बसून मोकळाही झाला होता. "दादा, पुण्यात एक जर्मन सेडान आहे, 2010 ची. 5.5 लाखांत देतोय. आपल्या गल्लीत परवा साधी हॅचबॅक आली, ती 8 लाखांची!" मागोमाग व्हॉट्सअॅपवर 12 फोटो आले. सगळे नुकत्याच धुतलेल्या गाडीचे.

त्याला मी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, की गाडीचा भाव पडतो, पार्टचा पडत नाही. नवी असताना जी 40 लाखांची होती, तिचा पार्ट आजही 40 लाखांच्या गाडीचाच आहे. म्हणून गाडीच्या किमतीचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल, तरच पुढचं वाचा.

आधी कागद, मग बॉनेट

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की नजर कोल्हापूर-पुण्याकडे वळते. ओळखीची माणसं तिथं, भाषा आपली, सकाळी निघून रात्री परत. पण महाराष्ट्र पासिंगची गाडी बेळगावच्या केए-22 नंबरवर आणायची तर कर्नाटकाचा आजीवन कर नव्यानं भरावा लागतो. मूळ किंमत 20 लाखांच्या वर असेल तर या कराचा दर 18 टक्के, शिवाय वर सेस. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण महागड्या गाडीला कमी झालेली रक्कमही चांगलीच बोचते. एमएच नंबरवरच फिरवायची म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावाच लागतो. सौदा करायच्या आधी आरटीओत जाऊन कराचा आकडा कागदावर लिहून आणा. एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

म्हणूनच मी भावाला म्हटलं, बेंगळुरूची गाडी बघ. राज्य तेच, त्यामुळे आजीवन कर दुसऱ्यांदा नाही. नाव आणि पत्ता बदलला की झालं. शिवाय महागड्या गाड्यांचा बाजार तिथं मोठा आहे.

आरसीवरची तारीखही बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपत आली असेल किंवा संपली असेल, तर फिटनेस दाखवून 5 वर्षांसाठी वाढवावी लागते. कर्जाचा बोजा उतरला नसेल तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

गाडी थंड असताना गाठा

मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा, काहीतरी लपवायचं होतं.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असेल तर सोबत शिंप्याचा टेप न्या. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, लिहून ठेवा. रात्रभर गाडीला कुणी हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा मापा. पुण्याच्या त्या गाडीसाठी आम्ही नातेवाइकांकडे मुक्काम केला. संध्याकाळी पुढचं डावं चाक 37 सेंटिमीटर भरलं होतं, सकाळी 33. मालक म्हणाला, "इथं जमीन जरा उतरती आहे." रात्रीत जमीन काही उतरत नाही! हवेची पिशवी गळत होती. ती गळायला लागली की तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत चालतो आणि काही महिन्यांत तोही जातो. दुखणं एक, बिलं दोन.

मग इंजिन सुरू करून कान द्या. 2007 नंतरच्या काही वर्षांतल्या बीएमडब्ल्यू डिझेलमध्ये एन47 नावाचं इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. मागून खरखर ऐकू आली तर गाडी तिथंच सोडा, कारण चेन बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. मर्सिडीजच्या डब्ल्यू211 पिढीच्या ई-क्लासमध्ये 2006 च्या बदलाआधी इलेक्ट्रॉनिक ब्रेक होते. त्यांचा पंप ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतो, आणि ठरलेला आकडा गाठला की धोक्याचा दिवा लावतो. अशी गाडी आपल्या भागात कुणी घ्यावी असं मला वाटत नाही.

स्कॅनर लावा, मग खानापूर रस्त्याला न्या

त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेला मेस्त्री सोबत घ्या. हजार-दीड हजारात काम होतं. मीटर मागं फिरवलेलं असलं तरी गिअरबॉक्स किंवा इतर युनिटमध्ये खरे किलोमीटर कधी कधी सापडतात. एकही जुना फॉल्ट दिसला नाही, तर काल रात्रीच सगळं पुसलंय असं धरा आणि 50 किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

चालवताना एसी लावा, गाणी बंद करा. खराब रस्त्यावर पुढून टक-टक आली तर चाक धरून ठेवणारे लोअर आर्म आणि त्यांचे रबरी बुश गेलेत. महामार्गावर गिअर बदलताना झटका बसतो का ते पाहा. "गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं" असं विकणारा सांगेल. बीएमडब्ल्यूपासून ऑडीपर्यंत अनेक गाड्यांत झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स आहेत, आणि ती कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. शेवटी चोर्ला किंवा तवंदीचा घाट चढवून तापमान बघा. या वयात कूलंटच्या प्लास्टिक नळ्या आणि थर्मोस्टॅट कडक होऊन तडकतात.

तांब्याभर पाणी

ही पायरी फार जण गाळतात, आणि खानापूर-जांबोटीच्या पावसात तीच महागात पडते. सनरूफ उघडा आणि कोपऱ्यातल्या पन्हाळीत तांब्यातून हळूहळू पाणी सोडा. चारही कोपऱ्यांचं पाणी गाडीखाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर ते आत कुठंतरी साचतंय. मग डिकीतला गालिचा उचला, हाताची पाठ फिरवा, वास घ्या. यातल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी डिकीत असते आणि तिच्या आसपास इलेक्ट्रॉनिक डबे असतात. त्यात एकदा पाणी शिरलं की खिडकी आपोआप उघडते, हॉर्न रात्री वाजतो, आणि कुठलाच मेस्त्री छातीठोकपणे काही सांगत नाही.

खर्चाचा कागद

हे आकडे बाहेरच्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दीडपट ते दुप्पट धरा. पुढची एक हवेची पिशवी शॉकसकट, बाहेरच्या कंपनीची, 40 ते 60 हजार. कॉम्प्रेसर 25 ते 40 हजार. दोन्ही बाजूंचे आर्म आणि बुश 40 ते 80 हजार. गिअरबॉक्सचं ऑइल फिल्टरसह 25 ते 45 हजार. बॅटरी 20 ते 30 हजार, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवावी लागते. टायरवर चार आकडी तारीख असते: 1219 म्हणजे 2019 चा 12 वा आठवडा. सहा वर्षांवरचे असतील तर चार नवे टायर हिशेबात धरा. पंक्चर झाल्यावरही पळणारे टायर असतील तर डिकीत स्टेपनी नसते. चोर्ल्यात अंधारात हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

यात जे लगेच करावं लागेल त्याची बेरीज सरळ मागितलेल्या किमतीतून वजा करा. भावानं पुण्याच्या मालकापुढे कागद ठेवला, बेरीज 1,90,000 ची. मालकानं 20 हजार सोडले. आम्ही चहा पिऊन निघालो.

कुठलं काम इथं, कुठलं बाहेर

प्रत्येक कामाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बाहेरगावी पळत राहिलात तर शिंगरू मेलं हेलपाट्यानं, अशी गत होते. उद्यमबागेत लेथ आणि हायड्रॉलिकची कामं करणारे हात उत्तम आहेत. बुश दाबून बसवणं, एसीचा पाइप नव्यानं बांधून घेणं, तुटलेला बोल्ट काढणं ही कामं इथं बिनधास्त करा. ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक युनिट, एअरबॅग आणि गिअरबॉक्स उघडायचं काम मात्र त्याच कंपनीच्या गाड्या रोज हाताळणाऱ्याकडे. पार्ट मागवताना गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे आर्म निघतात. लेमफर्डर, झेडएफ, बॉश, माले यांच्यासारख्या कंपन्या या गाड्यांना मूळ पार्ट पुरवतात. त्यांच्याच खोक्यातला पार्ट कंपनीच्या खोक्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो.

भावानं पुढं तीन महिन्यांनी बेंगळुरू पासिंगची, साध्या स्प्रिंगची सेडान घेतली, 6.25 लाखांना. पहिल्या दोन महिन्यांत 85 हजार घातले: आर्म, गिअरबॉक्सचं ऑइल, बॅटरी. मिरगाच्या आधी सनरूफच्या नळ्यांत गिटारची जुनी तार घालून साफ केल्या. घरी आता सगळे विचारतात, गिटारची एक तार कुठं गेली.