डेटाबेस सांभाळताय? मग या चुका टाळा

'बॅकअप आहे ना?' 'आहे की, रोज रात्री दोनला क्रॉन चालतो.' 'शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला?' इथे बहुतेक जण गप्प होतात. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालतो हे खरं, पण त्यातून काही बाहेर पडतं का, हे कुणी बघितलेलं नसतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसवर सर्रास दिसणारा प्रकार घ्या. पीजी_डम्प या बॅकअप कमांडचं आउटपुट पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) द्यायचं आणि तारखेच्या नावाने फाइल ठेवायची. पासवर्ड बदलल्यामुळे डम्प पहिल्याच सेकंदाला मेला, तरी शेल बघतं ते पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल. जीझिपने रिकामं इनपुट इमानदारीने दाबून दिलेलं असतं, म्हणजे क्रॉनच्या लेखी काम फत्ते. फोल्डरमध्ये फाइली ओळीने उभ्या, प्रत्येक २० बाइटची. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' ही एक ओळ टाकली की हे टळतं. तरीही फाइलचा आकार कालच्या फाइलशी ताडून बघा. एकदम निम्म्यावर आला असेल तर मेल नको, फोन वाजायला हवा.

मेल का नको? ३१ जानेवारी २०१७ ची, गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची रात्र आठवा. प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर, आणि त्याची मागे पडलेली रेप्लिका, म्हणजे जिवंत प्रत, नव्याने उभी करायची होती. ती प्रत घेणाऱ्या पीजी_बेसबॅकअप कमांडला रिकामी डिरेक्टरी लागते. ही कमांड प्रायमरीची वाट बघताना स्क्रीनवर अक्षरही छापत नव्हती, त्यामुळे ती अडकलीय असं वाटून इंजिनिअरने डेटा डिरेक्टरी उडवली. चूक एवढीच, की ती खिडकी रेप्लिकाची नव्हती, प्रायमरीची होती. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. रोजचा डम्प शोधायला गेले तर साठवणुकीची जागा रिकामी. सर्व्हर होता ९.६ चा आणि डम्प घेणारा पीजी_डम्प ९.२ चा, त्यामुळे तो रोज एरर देऊन बाहेर पडत होता. एररचे मेल जात होते, पण ईमेलच्या डीमार्क तपासणीत नाकारले जात होते. वाचवलं ते कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने). मधल्या सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकायला मिळालं. बाकीच्यांच्या अशा रात्री कपाटात बंद असतात.

यातून उचललेल्या सवयी साध्या आहेत. पीजी_डम्प सर्व्हरच्याच आवृत्तीचा किंवा त्याहून नवा. प्रॉम्प्टमध्ये होस्टचं नाव, आणि प्रायमरीचा प्रॉम्प्ट लाल. डिरेक्टरी 'आरएम'ने उडवायची नाही, 'एमव्ही'ने नाव बदलायचं आणि दोन दिवसांनी काढायची. आठवड्यातून एकदा वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करायचा, तीन मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजायच्या आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. साहेब विचारतात तेव्हा तोच आकडा कामी येतो. 'पीजी_रिस्टोअर -एल'ने यादी दिसली म्हणून समाधान मानू नका. ते फक्त अनुक्रमणिका वाचतं, आतल्या डेटाला हातही लावत नाही. शिवाय पीजी_डम्पमध्ये रोल (वापरकर्त्यांची खाती) येत नाहीत. ते पीजी_डम्पऑलला 'ग्लोबल्स-ओन्ली' सांगून वेगळे घ्यावे लागतात. हे रिस्टोअरच्या दिवशी कळणं फार महागात पडतं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे डिस्क भरली की 'लॉग' नावाचं काहीही उडवणं. पोस्टग्रेसमध्ये पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' आणि 'पीजी_सीलॉग' अशी फोल्डरं होती, डेटाबेसला जगायला लागणाऱ्या बदलांच्या आणि व्यवहारांच्या नोंदींची. नावात लॉग दिसला की लोक साफसफाईला लागत आणि डेटाबेस कायमचा झोपे. शेवटी २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत त्यांची नावंच बदलून 'पीजी_वॉल' आणि 'पीजी_एक्सॅक्ट' केली. नाव बदललं, उतावळेपणा गेलेला नाही.

पीजी_वॉल फुगतं त्याला कारण असतं, आणि ते शोधायला दोन मिनिटं लागतात. आधी 'पीजी_स्टॅट_आर्कायव्हर' बघा. फेल्ड काउंट वाढत असेल तर आर्कायव्ह कमांड (वॉल फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी) अडलीय, म्हणजे बहुधा पलीकडची डिस्क भरली किंवा परवानगी गेली. मग 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' बघा; स्लॉट म्हणजे रेप्लिका कुठवर पोचली याची खूण. ॲक्टिव्ह रकान्यात 'एफ' असलेला स्लॉट म्हणजे कुणीतरी रेप्लिका बंद केली, पण स्लॉट तसाच सोडला. तो बिचारा प्राइमरीला प्रत्येक वॉल फाइल धरून ठेवायला लावतो. रेप्लिका खरंच परत येणार नाही याची खात्री करून स्लॉट ड्रॉप करा. पुढच्या चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरल्यावर) जागा आपोआप मोकळी होते. १३ व्या आवृत्तीपासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' ही मर्यादा घालता येते, पण डिफॉल्ट उणे एक आहे, म्हणजे मर्यादाच नाही. ती घाला. आमची आणखी एक गावठी सवय: त्याच डिस्कवर २ जीबीची एक निरुपयोगी फाइल ठेवायची. डिस्क शंभर टक्क्यांवर गेली आणि सर्व्हर उठेना, की ती उडवायची आणि श्वास घ्यायला जागा करायची.

ओरॅकलवाल्यांची हीच चूक वेगळ्या कपड्यांत येते. आर्कायव्ह लॉग थेट ऑपरेटिंग सिस्टिममधून उडवले तर डेटाबेसच्या हिशेबात रिकव्हरी एरिया भरलेलाच राहतो आणि ओरा-००२५७ हा जागा संपल्याचा एररही तसाच. आधी आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप टूलमध्ये 'क्रॉसचेक', मग 'डिलीट एक्स्पायर्ड', आणि त्यानंतर लगेच नवा फुल बॅकअप, कारण लॉगची साखळी तुटलेली आहे. एसक्यूएल सर्व्हरवर फुल रिकव्हरी मॉडेल ठेवून लॉग बॅकअपच न घेणाऱ्यांची लॉग फाइल फुगत राहते आणि ते दर सोमवारी ती श्रिंक करत बसतात. त्यांना काय सांगायचं?

आता भराभर.

अडकलेल्या पोस्टग्रेस सेशनवर 'किल -९' चालवू नका. एक प्रोसेस अशी मेली की सर्व्हर बाकीची सगळी कनेक्शनं तोडून क्रॅश रिकव्हरीत जातो. 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड', नाही ऐकलं तर 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड'.

भरदिवसा ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणं. 'एका सेकंदाचं काम आहे' हे खरं असतं, पण समोर वीस मिनिटं चाललेला एखादा सिलेक्ट असला की ऑल्टर त्याच्यामागे थांबतो आणि त्यानंतरचे सगळे सिलेक्ट ऑल्टरच्या मागे. आधी 'लॉक टाइमआउट' तीन सेकंद लावा. जमलं तर जमलं, नाहीतर थोड्या वेळाने पुन्हा.

इंडेक्स 'कन्करंटली'च (टेबलावरचं लिखाण न अडवता) बनवा. मध्येच फसला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे उरतो आणि प्रत्येक इन्सर्टवर फुकटचा भार टाकतो. तो ड्रॉप करायचा विसरू नका.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ८' म्हणजे तीन बाइटपर्यंतचंच. इमोजी आली की रडारड. 'यूटीएफ८एमबी४' लिहा.

कनेक्शन कमी पडली म्हणून मर्यादा १०० वरून थेट २००० करणारे शॉर्टकटप्रेमी: पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं टूल) फुकट आहे.

सरावासाठी प्रॉडक्शन वापरण्याला तर आता काहीच सबब नाही. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती मोफत आहे, फक्त प्रॉडक्शनला चालत नाही. ओरॅकल डेटाबेस फ्री २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटापर्यंत चालतो, शिकायला रग्गड. पोस्टग्रेसचा क्वेरी प्लॅन (क्वेरी कशी चालवली जाते त्याचा आराखडा) समजून घ्यायला डेपेझचं एक्सप्लेन संकेतस्थळ उत्तम, पण टेबलांची नावं झाकायचा पर्याय निवडूनच प्लॅन टाका. एसक्यूएल सर्व्हरच्या देखभालीसाठी ओला हॅलेनग्रेनच्या स्क्रिप्ट वापरा. स्वतःची अर्धवट स्क्रिप्ट लिहून मिरवण्यात काही अर्थ नाही.

आवृत्त्यांकडेही लक्ष असू द्या. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. १८ वर जाताना एक खाच आहे: नव्या क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या डेटा डिरेक्टरीत) डेटा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला तर पकडणारे आकडे, आता डिफॉल्टने चालू असतात. जुन्यात ते बंद असतील तर पीजी_अपग्रेड सरळ नकार देतं. नवं क्लस्टर 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवा, किंवा त्याहून बरं, जुनं क्लस्टर नीट बंद करून त्यावर आधी पीजी_चेकसम्स 'एनेबल' पर्यायासह चालवा. आणि त्याच सुट्टीच्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमही बदलणार असाल तर ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती बघा. २.२८ मध्ये अक्षरक्रम बदलला, त्यामुळे तिच्या अलीकडून पलीकडे जाताना मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स चुकीचे ठरतात, आणि एररही येत नाही. युनिक रकान्यात दुहेरी नोंदी दिसायला लागल्यावर कळतं. अपग्रेडनंतर रीइंडेक्स, आणि तो होईपर्यंत ॲप्लिकेशन बंद.